काचेच्या तळ्याचा तळ



घरात माशांची काचपेटी आली, की सगळ्यांचे डोळे माशांवर असतात. पेटीच्या तळाशी काय घातलंय, हे सहसा कुणी बघत नाही. दुकानात निळी, गुलाबी, चकचकीत खडी मिळते. पोरांना जो रंग आवडेल तो आपण उचलतो. पण हेच काम कुंडीचं असतं तेव्हा आपण किती विचार करतो बघा. भोकावर खापरीचा तुकडा, त्यावर जाडसर माती, मग पोयटा, थोडं शेणखत. तुळशीला काय चालतं आणि मोगऱ्याला काय चालतं, हे आपल्याला पाठ असतं. मग पाण्यातल्या झाडाला मुळं नसतात का? आणि त्या तळावरच चालणारा, तळावरच जेवणारा एखादा जीव पेटीत असेल, तर त्याचं काय होत असेल?

आज मी तुम्हाला या तळाचा इतिहास सांगणार आहे. निमित्त आहे न्यूट नावाच्या एका लहानशा प्राण्याचं. या इतिहासात शास्त्रज्ञ आहेत, राजघराणी आहेत आणि नोबेल पारितोषिकही आहे. त्याचबरोबर शिवणकाम करणारी एक मुलगी, एक घरकामाची पोर आणि स्वयंपाकघरात भाजून गेलेली एक तरुण आईसुद्धा आहे.

आधी न्यूट कसा असतो ते सांगते. लांबून बघितलं तर पाल वाटेल. पण पालीचं अंग कोरडं आणि खवल्यांचं असतं. न्यूटचं अंग मऊ आणि खवल्यांशिवाय असतं. तो बेडकाच्या नात्यातला, म्हणजे उभयचर. वसंतात तो तळ्यात उतरतो. मादी एकेक अंडं घालते आणि मागच्या पायांनी पाणवनस्पतीचं पान दुमडून त्यात ते अंडं लपवते. एका हंगामात अशी दोन-तीनशे अंडी. म्हणजे दोन-तीनशे वेळा पान दुमडायचं. पिल्लांना मानेशी पिसांसारखे कल्ले असतात. मोठी झाली की कल्ले जातात आणि ती जमिनीवर येतात. तेव्हा न्यूटला पाणी हवं, झाडं हवीत आणि कधीतरी चढून बसायला जमीनही हवी. या तिन्ही गोष्टी ज्यावर उभ्या राहतात, तो म्हणजे तळ.

पाण्यातला जीव काचेच्या पेटीत ठेवून त्याचा नीट अभ्यास करायची सुरुवात एका बाईने केली. तिचं नाव जान विलप्रे. १७९४ साली फ्रान्समधल्या जुइयाक गावात तिचा जन्म झाला. तरुणपणी ती पॅरिसला गेली आणि शिवणकाम करू लागली. १८१६ साली एका राजकन्येच्या लग्नाच्या पोशाखावर तिने केलेल्या कामामुळे तिचं नाव झालं. पुढे जेम्स पॉवर या इंग्रज व्यापाऱ्याशी लग्न करून ती इटलीत, सिसिली बेटावरच्या मेसिना बंदरात राहायला गेली. तिथे तिने समुद्राचा अभ्यास सुरू केला, तोही स्वतःच शिकून.

तिला एक कोडं सोडवायचं होतं. आर्गोनॉट नावाचा आठ हातांचा एक समुद्री जीव कागदासारख्या पातळ शिंपल्यात राहतो. तो शिंपला त्याचा स्वतःचा, की दुसऱ्याचा बळकावलेला? मोठमोठे पंडित वाद घालत होते. मेलेल्या नमुन्यावरून उत्तर मिळेना. १८३२ च्या सुमारास जानने जिवंत आर्गोनॉट पाळण्यासाठी काचेच्या पेट्या करवून घेतल्या. काही पेट्या घरात ठेवल्या, तर काही पिंजऱ्यात बसवून समुद्रात सोडल्या. शिंपला थोडा मोडून तिने बघितलं, तर त्या जिवाने तो स्वतःच सांधला. वाद मिटला. पुढे तिचं बरंचसं संशोधन आणि संग्रह घेऊन जाणारं जहाज बुडालं. तरीही तिने लिहिणं सोडलं नाही. लंडनच्या रिचर्ड ओवेन या प्रसिद्ध शास्त्रज्ञाने तिला काचपेटीच्या विद्येची आई म्हणून मान दिला.

जानला समुद्र दाराशी होता. पाणी बदलायला अडचण नव्हती. लंडनमध्ये राहणाऱ्या ॲना थिन या बाईला ही सोय नव्हती. १८४६ साली ती टॉर्कीच्या किनाऱ्यावर गेली होती. तिथे तिला प्रवाळ दिसले आणि ते घरी न्यावेसे वाटले. प्रवासात ते आपटू नयेत म्हणून तिने सुई-दोऱ्याने ते एका मोठ्या स्पंजला टाचले आणि पाण्याच्या बरणीतून लंडनला आणले. आता ताजं समुद्राचं पाणी रोज कुठून आणणार? मग आहे तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून ओतायचं, जसा आपण चहा गार करायला वरखाली करतो तसा. त्याने पाण्यात हवा मिसळते. उघड्या खिडकीशी उभं राहून हे काम रोज अर्धा-पाऊण तास चालायचं. ॲनाने आपल्या लेखात प्रामाणिकपणे लिहिलं आहे, की हे दमवणारं काम तिची लहानशी मोलकरीण करत असे. त्या पोरीचं नाव मात्र इतिहासात कुठेही नाही. प्रवाळ जगले ते तिच्या दंडातल्या बळावर.

पुढच्या वर्षी ॲनाने पाण्यात समुद्री शेवाळं वाढवायला सुरुवात केली. हिरवी पानं उजेडात पाण्याला प्राणवायू देतात. म्हणजे मोलकरणीच्या हातांचं काम वनस्पती करू लागली. पण समुद्री शेवाळाला मुळं नसतात, ते दगडाला चिकटतं. गोड्या पाण्यातल्या बऱ्याच झाडांना मुळं असतात आणि मुळांना माती लागते. इथून तळाचा प्रश्न पुढे आला.

तो प्रश्न हाती घेतला लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने. १८४९ साली त्याने सुमारे बारा गॅलन मावतील असं काचेचं भांडं घेतलं. तळाशी वाळू आणि चिखल घातला. त्यावर मोठे दगड असे रचले, की माशांना हवं तेव्हा खाली लपता यावं. चिखलात व्हॅलिस्नेरिया नावाचं, पट्टीसारख्या लांब पानांचं पाणगवत लावलं आणि ते उपटून वर येऊ नये म्हणून मुळाशी एक दगड ठेवला. मग पाण्यात दोन गोल्डफिश सोडले. काही दिवसांनी जुनी पानं कुजू लागली, पाणी गढूळ झालं आणि काच हिरवी पडली. तेव्हा त्याने तळ्यातल्या पाच-सहा गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनी कुजकं खाल्लं, पाणी निवळलं. माशांची घाण झाडाला खत झाली, झाडाने माशांना प्राणवायू दिला आणि गोगलगाईने केर काढला. १८५० साली त्याने हे सगळं लिहून छापलं.

या प्रयोगातला चिखल बघा. दिसायला तो मळकट, पण झाड उभं राहिलं ते त्याच्यावर. नुसत्या धुतलेल्या दगडांत ते गवत पाय रोवू शकलं नसतं. काळ्या मातीत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे वेगळं सांगायला नको.

त्यानंतर इंग्लंडमध्ये काचपेटीचं वेडच लागलं. काचेवरचा कर १८४५ साली उठला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली होती. १८५३ साली लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये लोकांना बघण्यासाठी पहिलं मत्स्यालय उघडलं. १८५४ साली फिलिप गॉस या निसर्ग अभ्यासकाचं काचपेटीवरचं पुस्तक आलं आणि दिवाणखान्या-दिवाणखान्यात पेट्या दिसू लागल्या. गोड्या पाण्याच्या पेटीत गावच्या तळ्यातून धरून आणलेले न्यूटही असायचे. इंग्लंडच्या तळ्यांत त्यांच्या तीन जाती सापडतात. दिवाणखान्यातली पेटी म्हटल्यावर शोभा आली. तळाशी रंगीत खडे, शिंपले, दगडांच्या कमानी आल्या.

आता न्यूट जेवतो कसा ते ऐका. समोर किडा किंवा गांडूळ दिसलं, की तो झटक्यात तोंड उघडतो आणि पाण्यासकट घास आत ओढतो. त्या ओढीत तळाचा खडाही आत जातो. बारीक वाळूचे कण पोटातून निघून जातात. वाटाण्याएवढा खडा मात्र तोंडात मावतो, पण पुढे सरकत नाही. आतडं तुंबतं, प्राणी खाणं सोडतो आणि मरतो. बाहेरून काहीच दिसत नाही. शिवाय न्यूट कातडीतूनही श्वास घेतो. धारदार खडीवर पोट घासून कातडी सोलली, तर तिथे बुरशी धरते. म्हणून आज न्यूट पाळणाऱ्या जाणत्या माणसांचा साधा नियम आहे: तळाशी एकतर मऊ, बारीक वाळू असावी, नाहीतर न्यूटच्या डोक्यापेक्षा मोठे गुळगुळीत गोटे. मधल्या मापाची खडी नको. बाजारात सगळ्यात जास्त मिळते ती नेमकी हीच मधल्या मापाची खडी.

तळ बदलला की प्राण्याचं आयुष्य कसं बदलतं, हे एका जर्मन बाईने दाखवून दिलं. १८६४ साली मेक्सिकोहून पॅरिसला ३४ ॲक्सोलोटल आले. हे न्यूटचे नातलग. जन्मभर कल्ले घेऊन पाण्यातच राहणारे आणि तसेच पिल्लं देणारे. पॅरिसच्या वनस्पती उद्यानात ऑग्युस्त द्यूमेरिल या अभ्यासकाने त्यांची पैदास केली. पुढच्याच वर्षी काही पिल्लांनी अचानक कल्ले टाकले आणि ती जमिनीवरच्या सॅलमँडरसारखी दिसू लागली. सगळे चकित झाले. असं मुद्दाम घडवून आणता येईल का? फ्रायबुर्गच्या ऑगस्ट वाइसमान या नामवंत प्राणिशास्त्रज्ञाने प्रयत्न केले, पण त्याला ते जमलं नाही. मग त्याने पिल्लं मारी फॉन शोवँ या बाईच्या हाती दिली. किडे-फुलपाखरं पाळण्यात तिचा हात चांगला होता.

मारीने १८७४ साली काचेच्या मोठ्या भांड्यात मातीचा उतार केला. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला पाण्याबाहेर येणारी माती. पिल्लांना पोटभर खाऊ घालायचं, पाणी स्वच्छ ठेवायचं आणि उथळ भागात त्यांना हवेत श्वास घ्यायची सवय लावायची. मग हळूहळू पाणी कमी करत न्यायचं आणि शेवटी ओलं शेवाळ द्यायचं. घाई नाही, उपासमार नाही. सशक्त पिल्लांचे कल्ले आटले, शेपटीचा पडदा गेला, त्यांनी कात टाकली आणि ती जमिनीवर आली. १८७५ साली वाइसमानने हे प्रसिद्ध केलं, तेव्हा मारीच्या नोंदी तिच्या नावाने त्यात घातल्या. पुढे तिने स्वतःच्या नावानेही शास्त्रीय लेख लिहिले. त्या काळी विद्यापीठाची दारं बायकांना बंद होती, हे लक्षात घेतलं म्हणजे या गोष्टीचं मोल कळतं. जिथे प्राध्यापक अडला, तिथे रोजच्या रोज बघून, हाताने करून, उतारावरचं पाणी बोटभर कमी करत एका बाईने उत्तर काढलं.

त्याच फ्रायबुर्गमध्ये पन्नासेक वर्षांनी हिल्डे प्रॉशोल्ट नावाची मुलगी शिकायला आली. जन्म १८९८ चा. तोवर बायकांना विद्यापीठात प्रवेश मिळू लागला होता. हान्स श्पेमान हे तिचे गुरू. त्यांनी तिला न्यूटच्या अंड्यांवर काम दिलं. न्यूट वसंतातच अंडी घालतात, त्यामुळे वर्षातले थोडेच आठवडे हाताशी. अंड्यातला गर्भ दीड-दोन मिलिमीटरचा. त्याच्यावर काचेच्या सुईने आणि केसाच्या फासाने शस्त्रक्रिया करायची. इथेही तळाचा प्रश्न आलाच. काचेवर गर्भ घसरतो आणि फुटतो. म्हणून बशीच्या तळाशी मेण ओतत आणि त्यात गर्भ बसेल एवढा खळगा करत.

हिल्डेने फिक्या रंगाच्या न्यूटच्या गर्भातला एक ठरावीक कण काढून गडद रंगाच्या न्यूटच्या गर्भात लावला. रंग वेगळे, म्हणून कुठलं अंग कुणाचं ते ओळखता यावं. त्या काळी जंतू मारायची आजच्यासारखी औषधं नव्हती. बहुतेक गर्भ मेले. पण जे थोडे जगले, त्यांच्या अंगावर दुसऱ्या पिल्लाचं शरीर तयार होऊ लागलं, पाठीच्या कण्यासकट. आणि त्या दुसऱ्या शरीराचा मोठा भाग पाहुण्या कणाचा नव्हताच, तो यजमानाच्या पेशींपासून घडला होता. म्हणजे तो कण शेजारच्या पेशींना काय व्हायचं ते सांगत होता. एका पेशीपासून जीव कसा घडत जातो, या प्रश्नातला हा फार मोठा शोध.

दरम्यान ओटो मँगोल्ड या शास्त्रज्ञाशी तिचं लग्न झालं, मुलगा झाला आणि १९२३ साली पीएच.डी. मिळाली. तिच्या बरोबरीच्या इतर विद्यार्थ्यांचे प्रबंध त्यांच्या एकट्याच्या नावाने छापले गेले. हिल्डेच्या लेखावर मात्र गुरूचं नाव आधी आणि तिचं नंतर आलं. लेख १९२४ साली निघाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये घरातल्या स्वयंपाकघरात हीटरमध्ये इंधन भरताना भडका उडाला. ती गंभीर भाजली आणि गेली. पंचविशी पूर्ण केलेली, सव्विसावं सरत आलेलं. मूल अगदी लहान. स्टोव्हच्या भडक्याने गेलेल्या बायका आपल्याकडेही कमी नाहीत, म्हणून ही गोष्ट सांगताना माझा आवाज जड होतो. १९३५ साली श्पेमान यांना या शोधासाठी नोबेल मिळालं. मेल्यानंतर नोबेल देत नाहीत. तरी जीवशास्त्राच्या पुस्तकांत आज या शोधाला श्पेमान-मँगोल्ड असं दोघांचं नाव आहे, एवढं समाधान.

विसाव्या शतकात घरच्या काचपेटीतून माती जवळजवळ हद्दपार झाली. विजेचे पंप आले, गाळण्या आल्या. माती म्हणजे घाण असं लोकांना वाटू लागलं. तळाला धुतलेली खडी, झाडं प्लास्टिकची. १९९९ साली डायना वॉलस्टॅड या अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाईने झाडांच्या काचपेटीवर पुस्तक लिहिलं आणि साधी माती परत आणली. तळाला इंचभर माती, वर इंचभर बारीक खडीचा थर, भरपूर झाडं, बेताचेच प्राणी. मातीतले सूक्ष्मजीव घाण कुजवतात आणि झाडं ती खातात. वॉरिंग्टनच्या चिखलाची कहाणी दीडशे वर्षांनी पुन्हा सुरू झाली. न्यूट पाळणारे हीच पद्धत घेतात, पण वरचा थर खडीऐवजी मऊ वाळूचा देतात.

आता तुमच्या उपयोगाचं सांगते. घरी कमळाची कुंडी किंवा माशांची पेटी असेल, तर एवढं लक्षात ठेवा. माती साधी घ्या. रासायनिक खत किंवा ताजं शेण घातलेली नको, नाहीतर पाणी नासतं. मातीचा थर दोन बोटांपेक्षा जाड करू नका. खूप जाड आणि घट्ट मातीत हवा पोचत नाही, सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि मुळं काळी पडतात. मातीवर धुतलेली नदीची वाळू पसरा, म्हणजे पाणी गढूळ होणार नाही. समुद्राची वाळू नको, तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो. पाणी थेट मातीवर ओतू नका. ताटली ठेवून तिच्यावर हळू ओता. रंगाचे पापुद्रे निघणारी खडी घेऊच नका. आणि अगदी लहान पिल्लं वाढवायची असतील, तर तळ उघडाच ठेवा, म्हणजे उरलेलं अन्न दिसतं आणि रोज काढता येतं. बाळाचं अंथरूण वेगळं आणि मोठ्यांचं वेगळं, तसंच हे.

न्यूट मात्र आपण पाळायचा नाही. त्याला थंडावा लागतो. आपल्याकडचा एप्रिल-मे त्याला सोसणारा नाही. महाराष्ट्रात न्यूट नाहीत. आपल्या सह्याद्रीत बेडकांबरोबर बिनपायाचं देवगांडूळ हे त्यांचं दूरचं भावंड आहे. भारतात न्यूटसारखे प्राणी आहेत ते दार्जिलिंग, सिक्कीम आणि ईशान्येकडच्या डोंगरांत. हिमालयी न्यूट पावसाळ्यात तिथल्या उथळ तळ्यांत अंडी घालायला येतो. आपल्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. त्याला काचपेटीची गरज नाही. त्याला त्याचं तळं हवं, त्या तळ्याचा चिखल हवा आणि काठावरचं गवत हवं. तळ्याचं सुशोभीकरण म्हणून तळाला आणि काठाला सिमेंट लावलं, की झाडाला मुळं धरता येत नाहीत आणि अंडं दुमडायला पान उरत नाही.

हे मात्र आपल्या गावच्या तळ्यालाही लागू आहे. पुढच्या ग्रामसभेत तळ्याच्या सुशोभीकरणाचा विषय निघाला, तर बायांनो, उठून एक प्रश्न नक्की विचारा: तळाशी काय घालणार आहात?